ठिपक्यांचं नाव

स्टिकर नीट बसत नव्हता. स्वप्नाने तो पुन्हा उचलला, पुन्हा टेकवला आणि अंगठ्याने मधून कडेकडे दाबत नेला. तरी खालचे ठिपके वर उमटतच होते. काळा गोल स्टिकर, त्यात पांढऱ्या रेषेत काढलेलं कॉफीचं बी, खाली इंग्रजीत धंद्याचं नाव आणि त्याखाली बारीक अक्षरांत ‘पुणे’. आणि या सगळ्याच्या खाली, कॉफी भाजायच्या मशीनच्या पोलादी झाकणावर, पंच ठोकून काढलेली ठिपक्याठिपक्यांची अक्षरं होती : पाशा, गेवराई.

तिने नखाने हवेचा फुगा कडेला ढकलला. दुरून आता काही कळत नव्हतं. जवळून मात्र तो स्टिकर देवीचे व्रण असलेल्या गालासारखा दिसत होता.

“स्वप्ने,” आई जिना चढून गच्चीवरच्या पत्र्याच्या खोलीत आली. सत्यभामाबाई अंगणवाडीत मदतनीस होत्या. आज त्यांनी रजा टाकली होती आणि लग्नाकार्यातली साडी नेसली होती. “त्यो पाव्हना आला की मी काय म्हनू? ‘या, बसा’ का ‘यावं, बसावं’?”

“काहीही म्हण. फक्त ‘हाय’ म्हणू नको. ‘आहे’ म्हण.”

“आहे,” आई म्हणाली. “पानी आहे. च्या आहे. न्हाई, च्याचं नाव काढायचं न्हाई आज. कॉफी आहे.” आणि ती स्वतःशीच हसली. “माज्या बापानं ऐकलं असतं तर म्हनला असता, पोरगी मास्तरीन झाली.”

“पप्पा कुठंयत?”

“पान्याच्या टाकीवर. पाळी हाय त्यायची. आहे. पाळी आहे.”

स्वप्नाला बरं वाटलं. तिचे वडील हनुमान नगरपरिषदेचे व्हॉल्व्हमन होते. खांद्यावर लोखंडी चावी टाकून गल्लोगल्ली पाणी सोडत फिरायचे. पुण्याहून कॅफेचा मालक येतोय, तर आज तरी ते दारात बनियनवर दिसायला नकोत, असं तिला कालपासून वाटत होतं. आता ते दिसणार नव्हते. आणि बरं वाटल्याबद्दल जे वाटायला हवं होतं, तेही तिला थोडं वाटलं. पण वेळ नव्हता.

रसायनशास्त्रात एमएस्सी करून ती पुण्यात एका अन्न-तपासणीच्या प्रयोगशाळेत लागली होती. दूध, मसाले, तेल, कधी चहा, कधी कॉफी. नमुन्यात काय मिसळलंय ते शोधायचं आणि कागदावर सही करायची. कॉफीचा नमुना आला की मात्र ती लांबवायची. एकच कच्चं बी, फिकट हिरवं, वासाला वाळल्या गवतासारखं. ते तापलं की पिवळं पडतं, मग दालचिनीच्या रंगाचं होतं, मग तडतडतं. त्या दहा-बारा मिनिटांत त्याच्या आत शेकडो नवे पदार्थ तयार होतात. हे तिला पुस्तकात माहीत होतं. हातात घेऊन बघावंसं वाटायला लागलं आणि मग दुसरं काही सुचेना. ती नोकरी सोडून गेवराईला आली. चिकमंगळूरहून कच्च्या बियांचं पोतं ट्रान्सपोर्टच्या गोडाउनात आलं, तेव्हा हमालाने विचारलं होतं, “ताई, हे जनावराला घालतेत का?”

पहिले प्रयोग लोखंडी कढईत झाले. एका बाजूने करपलेल्या, दुसऱ्या बाजूने कच्च्या बिया. शेजारच्या कडूबाई भिंतीवरून ओरडायच्या, “पोरी, शेंगदाने करपले बघ तुजे!”

मग मशीन झालं. ते पाशाचाचांनी केलं.

पाशाचाचांचं दुकान हायवेच्या कडेला, जुन्या जकात नाक्याजवळ. जळालेल्या पाणबुडी मोटारी भरायच्या, म्हणजे आतली जळकी तार काढून नवी गुंडाळायची, हे त्यांचं काम. नगरपरिषदेच्या मोटारी त्यांच्याकडेच यायच्या, त्यातून वडिलांची आणि त्यांची दोस्ती. स्वप्ना लहानपणी वडिलांबरोबर तिथे गेली की तिला एक नियम सांगितला जायचा : चाचा तार गुंडाळत असले की बोलायचं नाही. वेढे तोंडातल्या तोंडात मोजावे लागतात. एक चुकला तर सगळं उसवा. एरवी चाचांइतकं बोलणारा माणूस गेवराईत नव्हता. बढाई मारणं हा त्यांचा श्वास होता. “कालव्यावरच्या सगळ्या मोटारी माज्या हातानं पानी वढतेत,” ते सांगायचे. “मी एक दिवस झोपून राह्यलो ना, तर निम्मा तालुका वाळंल.”

आणि भरलेल्या मोटारीवर ते आपलं नाव ठोकायचे. प्रत्येक नाही. मालकाने हलकी तार घ्यायला लावली असेल तर नाही. जिच्यावर ठिपक्यांचं नाव, ती हंगामात परत जळाली तर चाचा फुकट भरून देणार, हे चकलांब्यापासून पालीपर्यंत लोकांना ठाऊक होतं. जुनी मोटार विकताना शेतकरी ती आधी उलटी करून नाव दाखवत.

स्वप्नाने त्यांना कागदावर आकृती काढून दिली होती. ड्रम इतका, फेऱ्या मिनिटाला इतक्या, उष्णता सगळीकडून सारखी. चाचांनी आकृती उलटी धरून बघितली, सुलटी धरून बघितली आणि म्हणाले, “म्हंजे फुटाण्याची भट्टी. पन बी.एस्सी. झालेली.” भंगारातून त्यांनी बाद झालेल्या वॉशिंग मशीनचा स्टीलचा ड्रम आणला. तो फिरवायला ट्रकच्या वायपरची मोटार लावली. पाय एका पंपाच्या स्टँडचे. बिया थंड करायला खाली कूलरचा पंखा. तिने ड्रमच्या आत तापमापकाची तार सोडली आणि मागचा भाग पुढच्यापेक्षा थंड राहतो असं दाखवलं. त्यांनी आत पाती बसवली. पाती आडवी हवीत की तिरकी, यावर दोघं एक अख्खा उन्हाळा भांडली. ती बरोबर निघाली की चाचा म्हणायचे, “माजीच पोरगी हाय.” ते बरोबर निघाले की म्हणायचे, “कालिज बंद करा सगळी.”

शेवटच्या दिवशी त्यांनी झाकणावर नाव ठोकलं. कोणत्याही मोटारीवर नसेल इतकं मोठं.

कॉफी चांगली होऊ लागली. ऑनलाइन गटांमध्ये तिची ओळख झाली. तिथे लोक आपापल्या मशीनचे फोटो टाकत, काळ्या चकचकीत, पितळी मुठीच्या मशीनचे. स्वप्नाने कधी फोटो टाकला नाही. पाकिटं छापायची वेळ आली तेव्हा पत्त्याच्या जागी तिने मैत्रिणीच्या खोलीचा पुण्याचा पत्ता दिला. गेवराईची कॉफी कोण पिणार? हा प्रश्न तिने स्वतःला विचारला होता आणि लगेच उत्तरही गृहीत धरलं होतं. प्रयोगशाळेत असं कधी केलं नव्हतं.

मग सुरज सरांचा फोन आला. पुण्यात त्यांचे दोन कॅफे होते. तिची कॉफी त्यांनी कुठेतरी प्यायली होती आणि दर महिन्याला माल घेण्याची त्यांची इच्छा होती. तो माल गेला तर धंदा उभा राहत होता. नाहीतर दिवाळीनंतर प्रयोगशाळेत परत, असं घरात ठरलेलं होतं. बोलता बोलता त्यांनी भाजायच्या मशीनबद्दल सहज विचारलं, “रोस्टर कुठला वापरता?”

“कोइम्बतूरचा,” ती म्हणाली. तोंडातून तेवढंच निघालं. वॉशिंग मशीनचा ड्रम, ट्रकचा वायपर, कूलरचा पंखा. हे शब्द तिला त्या आवाजाला सांगता येईनात.

“मी नांदेडला लग्नाला चाललोय रविवारी. वाटेत येतो बघायला. पुण्यात नाही म्हणता ना तुम्ही, गावी भाजता?”

“हो. तात्पुरतं,” ती म्हणाली.

खाली फाटक वाजलं. स्वप्नाने गच्चीवरून वाकून पाहिलं. गाडी नव्हती. पाशाचाचा होते. कडक इस्त्रीची पांढरी पठाणी, कानामागे अत्तराचा फाया, दाढीला ताजी मेंदी आणि खांद्याला रोजची हत्यारांची पिशवी. बाकी सगळं ईदचं आणि पिशवी तेवढी कामाची.

“वैनी, मेहमान आला न्हाई ना अजून?” ते जिन्यातूनच ओरडत वर आले. “मी म्हनलं, मशीन बघायला मानूस पुन्याहून यायला अन् बनविनारा दुकानात बसायला! जावेदला म्हनलं, आज शटर बंद. त्यो केळीवाला हसायला मला. म्हनला, चाचा, निकाह हाय का तुमचा?”

“चाचा, तुम्ही कशाला त्रास...” स्वप्ना म्हणाली. “एवढ्या उन्हाचं.”

“तरास कशाचा बेटा? त्यानं इचारलं, पाती तिरकी कावून हायेत, तर तू काय सांगशील?” ते हसले. “तू सांगशील म्हना. पन मी सांगितल्यावर मजा निराळी.”

ते मशीनपाशी गेले. सवयीने त्यांचा हात झाकणावर गेला. स्टिकरवर आला. अंगठा त्या काळ्या वर्तुळावरून सावकाश फिरला, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, खालचे ठिपके वाचत गेल्यासारखा.

स्वप्ना पंख्याची वायर गुंडाळत राहिली. ती आधीच गुंडाळलेली होती.

“चांगला हाय,” चाचा म्हणाले. “चकचकीत.”

तेवढ्यात गाडीचा हॉर्न वाजला.

सुरज सर पस्तिशीचे असतील. ते मोकळे होते, चप्पल काढून आत आले, आईने दिलेलं पाणी उभ्याने गटागटा प्यायले. आई “बसावं” म्हणाली, मग “उन्हं लई... खूप आहेत” म्हणाली आणि स्वयंपाकघरात निघून गेली. स्वप्नाची भाषा तोवर बदललेली होती. ‘ना’, ‘अगदी’, ‘म्हणजे कसंय’. पुण्यात शिकलेलं ते सगळं जिभेवर आलं होतं. गच्चीवर गेल्यावर चाचा उठून उभे राहिले. घसा खाकरला. त्यांचं वाक्य तयार होतं, ते चेहऱ्यावरच दिसत होतं.

“हे आमचे मेकॅनिक,” स्वप्ना म्हणाली. “मेंटेनन्स बघतात.”

चाचांचं तोंड उघडलेलं होतं. ते मिटलं.

“अरे वा,” सुरज सर म्हणाले आणि त्यांनी हात पुढे केला. “तुमच्यामुळे चालतंय म्हणजे सगळं.”

“न्हाई साहेब,” चाचा म्हणाले. त्यांनी आधी हात पठाणीला पुसला. “आमी तेल-पानी बघतो. म्याडमनी बलिवलं की येतो.”

लहानपणापासून ती त्यांची बेटा होती. ‘मॅडम’ हा शब्द त्यांच्या तोंडून तिने कधी ऐकला नव्हता. हेटाळणीत नाही, चेष्टेतही नाही. आताही त्यात चेष्टा नव्हती. तिने बारकाईने ऐकलं. नव्हती.

तिने बर्नर पेटवला. कामाला लागली की हात आपोआप चालतात, तिने तेवढाच आधार धरला. ड्रम तापला, बिया आत गेल्या, सळसळ सुरू झाली. सुरज सर मशीनभोवती फिरत होते. वाकून खालून बघत होते.

“हा कोइम्बतूरचाच ना?”

“हो.”

“नाव नाही कुठे कंपनीचं.”

“छोटी कंपनी आहे,” ती म्हणाली. “ऑर्डरप्रमाणे करून देतात.”

चाचा कोपऱ्यात पोत्यावर बसले होते. त्यांनी मान खाली घातली होती आणि पिशवीच्या बंदाची गाठ सोडून पुन्हा मारत होते.

बियांचा रंग पिवळा झाला. ताज्या भाकरीसारखा वास सुटला. फोलपटं उडून खाली पडू लागली. मग रंग चढत गेला आणि तापमापकाचा आकडा एकशे नव्वदच्या पुढे सरकल्यावर आतून पहिली तडतड ऐकू आली, एक, मग थांबून आणखी एक, मग एकदम सगळीकडून. सुरज सरांनी डोळे मिटून ऐकली. “सुंदर,” ते म्हणाले. “किती एकसारखी येतेय! माझ्या माहितीतल्या महागड्या मशीनवर इतकी एकसारखी येत नाही. आत काय केलंय यांनी? पाती तिरकी आहेत का?”

“हो,” स्वप्ना म्हणाली.

“मानलं पाहिजे कोइम्बतूरवाल्यांना.”

कोपऱ्याकडे तिने बघितलं नाही. तिचं लक्ष आकड्यावर होतं, असायलाच हवं होतं. म्हणून झाकणाकडे तिचं लक्ष उशिरा गेलं. स्टिकरची वरची कड सुटली होती. झाकण तापलं होतं आणि खालचा गोंद मऊ होऊन पातळ तारांसारखा ताणला जात होता. असला गोंद किती उष्णतेला सोडतो, हे कोणत्याही पहिल्या वर्षाच्या पोराला सांगता आलं असतं. तिलाही आलं असतं, सकाळी कुणी विचारलं असतं तर. स्टिकर पापडासारखा आकसत, वळत खाली आला आणि एका कडेने लोंबकळत राहिला.

“हे काय आहे?” सुरज सर वाकले. ठिपक्यांवर काजळी बसून अक्षरं आणखी ठळक झाली होती. “पा... पाशा. गेवराई.” ते सरळ झाले. “पाशा कोण?”

स्वप्नाच्या हातात बिया काढायच्या दांड्याची मूठ होती. ओढायची वेळ झाली होती. ओढली नाही तर घाणा करपणार होता. तिने मूठ ओढली. गरम बिया खळाळत चाळणीत पडल्या, धुराचा लोट उठला आणि त्या आवाजात बोलता येणार नाही असं तिने ठरवून टाकलं.

“मी पाशा, साहेब,” चाचा म्हणाले. ते उठून पुढे आले होते. “आमच्या धंद्यात रिवाज हाय. वस्तू रिपेर केली की आमी नाव ठोकतो. कोनी केली ते कळावं म्हनून. हिची मोटार एकदा जळालती, तवा ठोकलं.” त्यांनी लोंबता स्टिकर दोन बोटांनी सोडवला, घडी केली आणि पठाणीच्या खिशात टाकला. “जरा मोठंच ठोकलं गेलं. म्याडम रागावल्या हुत्या.”

“नाही हो, छान दिसतंय,” सुरज सर हसले. “मी म्हटलं, इथंच कुणी बनवलंय की काय. तसं असतं तर आणखीच भारी.”

पंखा घरघरत होता. स्वप्ना बिया हलवत राहिली. एवढं एक वाक्य होतं, ‘इथंच बनवलंय, यांनीच’. ते तिला अजूनही म्हणता आलं असतं. त्या वाक्याला आता दार उघडून दिलेलं होतं. पण ते म्हणायचं तर आधीची सगळी वाक्यं खोटी ठरत होती. फोनवरचं, मघाचं, पाकिटावरचं. आणि समोरचा माणूस तिच्याकडून दर महिन्याला माल घेणार होता, तो तिच्या शब्दावर. तिने हलवण्याचा वेग वाढवला.

कॉफी प्यायला सगळे खाली घरात आले. आदल्या आठवड्यात भाजलेल्या बिया दळून तिने काळी कॉफी करून दिली. सुरज सरांनी घोट घेतला, तोंडात फिरवला, पुन्हा घेतला. आईने चाचांसाठी नेहमीसारखी कपात दूध-साखर घालून उकळलेली कॉफी आणली होती. एरवी ते पहिल्या घोटाला “कडू जहर” म्हणायचे आणि दुसऱ्या घोटाला “पन आपल्या मशीनचं हाय”. आज ते दाराजवळ उभ्याने प्यायले.

“बसा ना भाऊजी,” आई म्हणाली. “उभं कावून?”

“बरं हाय वैनी.”

“पुढच्या महिन्यापासून सुरू करू,” सुरज सर म्हणाले. “दोन्ही कॅफेंना. आणि एक काम करा, त्या कोइम्बतूरवाल्यांचा नंबर द्या मला. असंच लहान मशीन हवंय. एका कॅफेत लोकांच्या समोर भाजायचं म्हणतोय. बघतील, वास घेतील. तुमच्यासारखंच हवं, अगदी हेच.”

स्वप्नाने फोन हातात घेतला. नावांची यादी वरखाली केली. असा नंबर नव्हता आणि ज्याचा होता तो पाच हातांवर कप धरून उभा होता. तिने वर पाहिलं. आता तरी चाचा बोलतील, असं तिला वाटलं. बोलावेत, असंही वाटलं. त्यांनी बोलून टाकलं असतं तर तिची सुटका झाली असती.

“ती बंद पडली साहेब कंपनी,” चाचा म्हणाले.

“बंद?”

“मालक वारला. म्हाताराच हुता. त्याच्यामागं कोनी केलं न्हाई.”

“अरेरे,” सुरज सर म्हणाले. त्यांना खरंच वाईट वाटलेलं दिसत होतं.

गाडी गेल्यावर चाचांनी कप स्वतः मोरीत नेऊन विसळला. आई म्हणाली, “असू द्या की भाऊजी, जेवून जा.” ते म्हणाले, “न्हाई, एक मोटार बघायची हाय.” रविवार होता आणि दुकान बंद आहे असं त्यांनीच येताना सांगितलं होतं. फाटकातून बाहेर पडताना त्यांनी मागे वळून सांगितलं, “वायपरला तेल दे. आवाज करायली.” कुणाला सांगितलं ते कळलं नाही. त्या वाक्यात ‘बेटा’ नव्हतं आणि ‘मॅडम’ही नव्हतं.

वडील संध्याकाळी आले, माल ठरल्याचं ऐकून पेढे आणायला निघाले. “पहिला पेढा पाशाला,” ते म्हणाले. “त्याच्या हाताचं हाय ते.” आईने स्वप्नाकडे पाहिलं आणि ताटं मांडायला घेतली.

स्वप्ना वर गेली. झाकणावर उरलेला चिकट गोंद तिने स्पिरिटच्या बोळ्याने पुसून काढला. ठिपक्यांच्या खळग्यांत काळं राहिलं होतं, ते टाचणीने काढलं. अक्षरं पुन्हा पहिल्यासारखी लख्ख झाली. झाली, पण आता ती बघायला कुणी येणार नव्हतं.

सकाळी ती जकात नाक्याकडे निघाली. बरोबर ताजी दळलेली कॉफी घेतली होती. पाकिटात नाही, पाकिटावर ‘पुणे’ होतं. आईचा स्टीलचा डबा घेतला. काय बोलायचं ते वाटेत जुळवत होती. माझं चुकलं. मी त्यांना फोन करून खरं सांगते. तुम्ही दुसरं मशीन करा.

दुकानाच्या बाहेर जावेदचा केळ्यांचा गाडा होता आणि गाड्याला टेकून दोघं-तिघं चहा पीत उभे होते. आत पाशाचाचा रोजच्या मळक्या शर्टात, एका मोटारीचं बूड उघडत बसले होते. स्वप्ना विजेच्या खांबाशी थबकली.

“मंग काय चाचा,” जावेद विचारत होता, “आला का न्हाई पुन्याचा साहेब? का नुसतंच अत्तर वाया गेलं?”

“आला ना बे. कावून येनार न्हाई?”

“मशीन बघितली?”

“बघितली म्हंजे? खालून वाकून बघितली. म्हनला, असली एकसारखी भाजनी लाखाच्या मशीनीत न्हाई येत. पाती तिरकी हायेत ते बी त्यानंच वळखलं. नाव वाचलं झाकनावरचं, मोठ्यानं. हात मिळविला माज्यासंगं.”

“फेकू नका.”

“तुजी कसम. वरून म्हनला, मला अशीच एक पायजे. पुन्यात लोकायच्या म्होरं ठेवायची.”

“मंग? देनार का बनवून?”

“न्हाई.” चाचांनी पान्याला हिसका दिला. बोल्ट सुटला. “न्हाईच म्हनलो मी.”

“येड लागलं का तुमाला! न्हाई कावून?”

“टाइम कुठं हाय? उन्हाळा तोंडावर. मोटारी जळायल्या धडाधड.”

स्वप्ना ऐकत होती. नमुना तपासावा तसं तिने एकेक वाक्य वेगळं काढून पाहिलं. वाकून बघितलं, खरं. भाजणीची तारीफ केली, खरं. पाती ओळखली, नाव वाचलं, हात मिळवला, दुसरं मशीन मागितलं, खरं. नाही म्हणाले, तेही खरं. एकाही वाक्यात भेसळ नव्हती.

जावेदने तिला पाहिलं. “ही घ्या, ताईच आल्या. ताई, खरं सांगा बरं. चाचा काल धरून लई उडायलेत. साहेबानं खरंच दुसरी मागितली?”

चहावाले वळले. चाचांनी मान वर केली. बघितलं तिच्याकडे, आणि परत मोटारीत हात घातला.

इथे ती खरं सांगू शकत होती. त्यासाठीच आली होती. पण इथलं खरं तिला परवडलं असतं, चाचांना नाही.

“हो,” ती म्हणाली. “मागितली.”

“अन् चाचा न्हाई म्हनले?”

“हो.”

“कमाल हाय,” जावेद म्हणाला. त्याने एक डझन केळी तोडून दुकानाच्या फळीवर आणून ठेवली. “घ्या चाचा. पुन्याला न्हाई म्हननारा मानूस गेवराईत पहिलाच.”

लोक हसले, पांगले. स्वप्ना पायरी चढून आत गेली. ओल्या वार्निशचा आणि जळक्या तांब्याचा वास. बाकावर बसून तिने डबा मांडीवर घेतला.

“चाचा,” ती म्हणाली. “काल माझं...”

चाचांनी तांब्याच्या तारेचं टोक लाकडी साच्याला अडकवलं होतं. डाव्या हाताचं एक बोट त्यांनी वर केलं. थांब. उजव्या हाताने साचा फिरू लागला. तार चमकत, एकाला एक चिकटून बसत गेली. त्यांचे ओठ हलत होते.

ती थांबली. नियम तिला लहानपणापासून माहीत होता.

बाहेरून एक ट्रक गेला, दुकानातले नटबोल्ट थरथरले. वेढे वाढत गेले. शेवटी चाचांनी तार तोडली, वेटोळं साच्यातून काढलं, सुती दोऱ्याने चार ठिकाणी बांधलं आणि बाजूला ठेवलं. स्वप्नाने श्वास घेतला.

त्यांनी फळीवरचं एक केळं तोडून तिच्यापुढे सरकवलं, तिच्याकडे न बघता. मग तारेचं नवं टोक साच्याला अडकवलं, आणि त्यांचे ओठ पुन्हा हलू लागले.